मदत हवी आहे : मे महिन्यात नऊ जणांचा इमॅजिकाचा दिवस कसा आखावा?

ठाण्याहून आम्ही नऊ मैत्रिणी मेच्या तिसऱ्या आठवड्यात, मंगळवारी, खोपोलीच्या इमॅजिकाला जाणार आहोत. थीम पार्कचंच तिकीट काढायचंय, वॉटर पार्क नाही. दोघींना प्रवासात उलटी होते, एकीला मानेच्या मणक्याचा त्रास आहे, तिघींना चष्मा आहे. लोकलने जावं की गाडी करावी? भर उन्हात कुठल्या राईड घ्याव्यात? सामानाचं काय करायचं?

कर्जतकर :
थेट खोपोली लोकल मोजक्याच आहेत. ती जमली नाही तर कर्जतला उतरून खोपोलीची गाडी पकडायची. पुढे साधारण अर्धा तास. खोपोली स्टेशनहून रिक्षा करावी लागते, नऊ जणींना तीन. संध्याकाळी थकल्यावर कर्जतची गाडी चुकली तर पुढच्या गाडीसाठी बराच वेळ बसावं लागतं, म्हणून परतीच्या वेळा आधीच लिहून ठेवा. नऊ जणींना बारा आसनी टेम्पो ट्रॅव्हलर सोयीची, आणि ओले कपडे, बॅगा गाडीत ठेवता येतात.

उंचझोका :
दार उघडायच्या अर्धा तास आधी पोचा आणि आत शिरल्या शिरल्या सरळ नायट्रो या मोठ्या रोलर कोस्टरकडे जा. फोटो नंतर काढा. उंची सुमारे ४० मीटर, वेग ताशी १०५ किलोमीटर, पाच वेळा उलटं फिरवते. दुपारी हीच रांग सगळ्यात जास्त रेंगाळते. मेच्या उत्तरार्धात घाटाच्या पायथ्याशी दुपारनंतर ढग भरून येतात. विजा कडाडायला लागल्या की कोस्टर थांबवतात. सकाळी उरकलंत तर ही धास्तीच राहत नाही.

एका ओळीत चार जणी बसतात, म्हणजे मान दुखणारी सोडून तुमच्या आठ जणींच्या दोन ओळी. मान दुखणाऱ्या मैत्रिणीने या राईडला अजिबात बसू नये. गिरकीत डोक्याचा सगळा भार मानेवर येतो. ‘एकदाच बस ना’ असा आग्रहही तिला करू नका. पायांखाली तळ नसतो, त्यामुळे चपला काढूनच बसावं लागतं. चष्मे आणि फोन खाली ठेवा, मोठी कानातली काढा, कारण हार्नेसची (खांद्यांवरून खाली ओढायच्या पकडीची) बाजू कानावर आदळते.

बसताना आधी पाठ आणि कंबर सीटला पूर्ण टेकवा, मगच हार्नेस खाली ओढा. पुढे सरकून ओढलात तर तो सैल बसतो आणि प्रत्येक वळणाला खांदे ठेचून निघतात. डोकं मागे टेकलेलं ठेवा. पहिल्या उतारावर मागच्या ओळीला सर्वात जोरात ओढ लागते. पहिल्यांदा बसणाऱ्यांनी मधली ओळ मागावी.

लिंबूसरबत :
बारा ते साडेतीन छपराखाली काढा : सलीमगढ, आय फॉर इंडिया, रॅथ ऑफ द गॉड्स या आतल्या राईड आणि शो. डीप स्पेसही आतच आहे, पण तो अंधारातला कोस्टर. पुढचं वळण दिसत नाही, म्हणून उलटीवाल्या दोघींनी तो टाळावा. राजासॉरसच्या बोटीत चिंब भिजायला होतं. ती साडेतीननंतर घ्या, म्हणजे उरलेल्या उन्हात कपडे वाळतात. जीन्स मात्र नकोच. ओली जीन्स घासून मांड्या सोलवटतात. पातळ ट्रॅक पँट बरी.

उलटीची गोळी राईडच्या अर्धा-पाऊण तास आधी घ्यावी लागते. पोटात ढवळायला लागल्यावर घेऊन उपयोग नाही. झोप येते, म्हणून मात्रा डॉक्टरांना विचारा. उपाशीपोटी जाऊ नका, वडापाव चापूनही नको. सकाळी इडली किंवा पोहे पुरेत, जेवणानंतर तासभर फिरत्या राईड नकोत.

बाहेरचं खाणं आत नेता येत नाही. ओआरएसच्या पुड्या औषधाच्या पिशवीत ठेवा. मोठी पुडी (सुमारे २१ ग्रॅम) पूर्ण १ लिटर पाण्यात, लहान (सुमारे ४ ग्रॅम) २०० मिलीत. कमी पाण्यात घट्ट कालवलं तर तहान वाढते, मळमळही होते. कुणी बरळायला लागली किंवा उभं राहवेना झालं, तर पाणी पाजत बसू नका. सावलीत आडवं करा, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि एकीला लगेच प्रथमोपचार कक्षाकडे पिटाळा.

प्रश्नकर्ती :
खूप आभार! मान दुखणारी मैत्रीण दिवसभर बॅगाच सांभाळत बसेल का?

उंचझोका :
अजिबात नको. एक मोठा लॉकर घ्या. नायट्रो, डीप स्पेस सोडून आतले शो तिला बघता येतील, पण प्रत्येक ठिकाणी बाहेरचा सूचनाफलक वाचा. सीट हलणारी असेल तर ‘मानेचा त्रास आहे’ असं कर्मचाऱ्याला सांगून विचारा. काही ठिकाणी न हलणारी जागा मिळते.