धाकटीलाही फक्त मुलींच्या शाळेत घालावं का? (इंग्लंड)

चिंचबोर

थोरली लंडनच्या वायव्येला एका खाजगी, फक्त मुलींच्या डे स्कूलमध्ये आहे, इयर एटला (वय बारा-तेरा). धाकटी इयर फाइव्हमध्ये (नऊ-दहा). सप्टेंबरात ती इयर सिक्सला, म्हणजे प्राथमिकच्या शेवटच्या वर्षाला जाईल आणि प्रवेश परीक्षांची गडबड परत सुरू होईल. घरात दोन तट पडलेत. नवरा म्हणतो, एकीचं झालं तेवढं पुरे, धाकटीला घराजवळच्या सरकारी कोएडमध्ये घालू. मला दोघींना वेगवेगळं वागवणं जमत नाहीये. (शाळेचं नाव सांगणार नाही, कृपया विचारू नका.)

थोरलीचा दिवस सांगते, म्हणजे नीट बोलता येईल. सहा वीसला उठते, सात पाचला कोपऱ्यावर शाळेची कोच, म्हणजे बस. पाठीवर दप्तर, एका हातात हॉकी स्टिक, दुसऱ्या हातात व्हायोलाची पेटी, आणि पीईची पिशवी मी धावत नेऊन द्यायची. साडेआठच्या आत हजेरी. जेवणाच्या सुट्टीत रोज काहीतरी क्लब असतोच: ऑर्केस्ट्रा, डिबेट, हाउसच्या गाण्याची तालीम. मग जेवायला उरतात पंधरा-वीस मिनिटं. डबा चालत नाही, जेवण फीमध्येच असतं. रोज भाजलेला बटाटा, वर चीज आणि बीन्स. पोळी-भाजी खाणारी माझी पोर आता बटाट्यावर वाढतेय. घरी साडेपाच, मॅच असेल तर साडेसहा-सात, त्यानंतर गृहपाठ.

तरी मला ती शाळा का आवडते? मार्चमध्ये नाटकाच्या कपड्यांना मदत करायला गेले होते. हॉलमध्ये उंच शिडीवर इयर टेनची एक मुलगी दिवा अडकवत होती. दोघी शिडी धरून उभ्या, एकीच्या कमरेला पाना लटकलेला. आमची थोरली खाली वायरी गुंडाळत होती. मला बघून म्हणाली, "आई, तिथे उभी राहू नकोस, वरून काही पडलं तर!" मी जिल्ह्याच्या गावी कोएड शाळेत शिकले. गॅदरिंगला खुर्च्या आणि माइक मुलांकडे, रांगोळी आणि पाहुण्यांचं ताट आमच्याकडे. कुणी सांगितलेलं नव्हतं, ते तसंच व्हायचं.

नवऱ्याचे मुद्दे दोन. एक पैसे: जानेवारी २०२५ पासून फीवर २० टक्के व्हॅट लागलाय. दुसरा: "हिला पुढे मुलांशी दोन वाक्यं धड बोलता येणार आहेत का?"

मतं हवीत. परखड चालतील.

हॅरोकर

परखड म्हणालात म्हणून. तुमची ती शिडी पैशाची आहे, मुलींच्या शाळेची नाही.

आमची मुलगी साध्या सरकारी कोएडमध्ये, वर्गात तीस मुलं. दिव्यांचा बोर्ड शाळेत एकच आहे, त्यावर ती आणि दोन मुलगे बसतात. पहिल्या वर्षी भांडून बसली, आता ती दोघं तिला विचारून बटण दाबतात. तुमच्याकडे परीक्षेने निवडलेल्या वीस मुली, सुसज्ज थिएटर, हाताशी तंत्रज्ञ. तिथे शिडीवर मुलगी चढली नाही तर नवल.

आणि हिशेब करा. तुमच्या भागात सत्राला साडेआठ हजार धरले तरी वर्षाच्या तीन सत्रांचे साडेपंचवीस हजार, सात वर्षांचे पावणेदोन लाख पौंडांच्या वर. दोघींचे दुप्पट. कोच, व्हायोला आणि स्की ट्रिप वेगळी. या देशात खाजगी शाळेत जाणारी मुलं शंभरात सहा-सात. मुलगे नाहीत हे तुम्ही बघताय, बाकीचे त्र्याण्णवही तिथे नाहीत हे का नाही बघत?

चिंचबोर

हॅरोकर, स्की ट्रिपला आम्ही नाही म्हटलं. तीन दिवस अबोला होता. पैशाचा मुद्दा मान्य, पण तो क्षणभर बाजूला ठेवू. पैसे सारखेच असते तर मुलींची की कोएड?

उंबरठा

मी सरकारी मुलींच्या शाळेत फिजिक्स शिकवते, त्याआधी सात वर्षं कोएडमध्ये शिकवलं. म्हणून पैशाचा मुद्दा माझ्यापुरता बाजूलाच आहे, आमच्या छताला गळती आहे.

इन्स्टिट्यूट ऑफ फिजिक्सने २०१२ मध्ये आकडे काढले होते. सरकारी कोएड शाळांतल्या जवळजवळ निम्म्या अशा होत्या, की २०११ साली तिथल्या एकाही मुलीने ए लेव्हलला (आपली अकरावी-बारावी म्हणा) फिजिक्स घेतलं नाही. एकही नाही! आणि सरकारी शाळाच सरकारी शाळांशी ताडून पाहिल्या तरी मुलींच्या शाळेतली मुलगी फिजिक्सकडे जाण्याची शक्यता जवळजवळ अडीचपट होती. यात फीची शिडी कुठे आली?

आकडे सोडा, डोळ्यांनी पाहिलेलं सांगते. कोएडमध्ये प्रॅक्टिकलला चौघांचा गट केला की दहा मिनिटांत वाटणी होते. स्टॉपवॉच आणि ट्रॉली मुलांच्या हातात, वही मुलीच्या हातात, कारण "तुझं अक्षर चांगलंय". मी मुद्दाम कामं बदलायचे, पुढच्या तासाला पुन्हा तेच. इथे वही धरायला मुलगी आणि ट्रॉली ढकलायलाही मुलगीच. कोळशासारखे हात घेऊन बाहेर पडतात.

दीडशहाणा

उंबरठाताई, आकडे बरोबर, पण त्यातून निघतं ते तेवढं सरळ नाही. इंग्लंडात सरकारी ग्रामर शाळा १६३ आहेत आणि सरकारी मुलींच्या शाळांपैकी बऱ्याच त्यांतल्याच. म्हणजे तिथल्या पोरी आधीच परीक्षेने गाळून घेतलेल्या. अकरा वर्षांची असताना गणितात पहिली आलेली मुलगी सोळाव्या वर्षी फिजिक्स घेते, याचं श्रेय मुलगे नसण्याला किती आणि गाळणीला किती?

थोडं अवांतर. या शाळा निघाल्या कशासाठी, ते विसरायला होतं. १८६० च्या दशकात सरकारी चौकशी आयोगाने मुलींच्या शिक्षणाची दुर्दशा कागदावर आणली. मग १८७२ मध्ये मारिया ग्रे, एमिली शिरेफ वगैरे बायकांनी गर्ल्स पब्लिक डे स्कूल कंपनी काढली, पुढच्या वर्षी चेल्सीत पहिली शाळा. डे स्कूल का? बोर्डिंगपेक्षा स्वस्त, मध्यमवर्गाला परवडेल अशी. पुढे अशा बऱ्याच शाळांना थेट सरकारी अनुदान होतं, हुशार गरीब मुलींना फुकट जागा असायच्या. ते अनुदान १९७० च्या दशकात गेलं आणि शाळा पूर्ण खाजगी झाल्या. म्हणजे परवडावी म्हणून काढलेली गोष्ट आज सत्राला साडेआठ हजार. मुलींची शाळा तेव्हा गरज होती कारण दुसरी शाळाच नव्हती. आज कोपऱ्यावर आहे.

पेठेतली

पुण्याहून लिहितेय, वय पासष्ट, हुजूरपागेची. आमची शाळा १८८४ ची, म्हणजे तुमच्या त्या कंपनीनंतर बाराच वर्षांनी. तेव्हा मुलींना इंग्रजी कशाला, म्हणून केसरीतून टीका झाली होती. माझ्या आजीला तिच्या वडिलांनी शाळेत घातलं ते केवळ तिथे मुलगे नाहीत म्हणून. नाहीतर चूल होतीच.

माझ्या वेळचं सांगते. गॅदरिंगला शिवाजी मी, अफझलखान माझी बाकावरची मैत्रीण. दाढी काळ्या लोकरीची, ती सारखी तिच्या तोंडात जायची. खो-खोत आम्ही एकमेकींचे गुडघे फोडले. "मुलीसारखी वाग" हे वाक्य शाळेत असं नाहीच ऐकलं, तिथे सगळ्याच मुली, वेगळं कसं वागणार?

पण पुढचंही सांगायला हवं. अकरावीला कॉलेजात गेले तर वर्गात निम्मे मुलगे. शिवाजी झालेली मी सहा महिने एक प्रश्न विचारायला हात वर करेना. उत्तर येत असायचं, आवाज फुटायचा नाही. कोएडमधून आलेल्या मैत्रिणी प्राध्यापकांशी सरळ वाद घालायच्या. तेव्हा तुझ्या यजमानांचा प्रश्न अगदीच टाकाऊ नाही, बाळ.

रेनकोट

मला मुलगा आहे, तेरा वर्षांचा, कोएडमध्ये. त्यामुळे हा धागा वाचताना जरा टोचतंय.

२०२१ मध्ये ऑफस्टेडने, म्हणजे इथल्या शाळा तपासणाऱ्या सरकारी संस्थेने, ३२ शाळा-कॉलेजांत जाऊन मुलांशी बोलून अहवाल दिला. नको असलेले अश्लील फोटो-व्हिडिओ आपल्याला किंवा मैत्रिणींना पाठवले जातात, असं दहातल्या जवळजवळ नऊ मुली म्हणाल्या. तो वाचून मुलींच्या आया घाबरल्या, ते समजतं. पण फोन काय शाळेच्या फाटकाशी थांबतो? तुमच्या थोरलीच्या कोचमध्ये वायफाय नसेल, पण सिम आहे ना?

आणि ज्यांना परवडतं ते मुलींना काढून नेतात. मग माझ्या मुलाच्या वर्गात चांगलं उलटं बोलणारी, "तू धर वही" म्हणणारी मुलगी एक कमी होते. त्याने ते कुणाकडून शिकायचं? माझ्याकडून तो मोजेही जागेवर ठेवायला शिकलेला नाही.

उंबरठा

रेनकोट, पटलं नाही. तुमच्या मुलाला वळण लावणं हे माझ्या विद्यार्थिनीचं काम नव्हे. अकरा वर्षांच्या मुली सुधारणेच्या सरकारी योजना नाहीत.

दीडशहाणा, गाळणीचा मुद्दा घेते. आमची ग्रामर नाही तरीही ए लेव्हल फिजिक्सला यंदा चौदा मुली आहेत. एका शाळेवरून सिद्ध काही होत नाही, माहितीये.

रेनकोट

योजना नाहीत, मान्य. पण मुलगा म्हणजे वर्गातला अडथळा, असा सूर आहे इथे. तो तेवढा बदला.

चिंचबोर

सगळ्यांचे आभार. रेनकोट, सूर माझ्याकडून लागला असेल तर चूक माझी.

एक गोष्ट पहिल्या पोस्टमध्ये लिहिली नाही, कारण ती माझ्या बाजूची नव्हती. मुलगे नाहीत म्हणजे भानगडी नाहीत असं अजिबात नाही. थोरलीचा सहा जणींचा गट होता. नव्या वर्षात त्यातल्या एकीने व्हॉट्सॅपवर नवा ग्रुप काढला, पाच जणींचा. कुणी काही बोललं नाही. फक्त जेवणाच्या टेबलावर ही ताट घेऊन पोचली की सहाव्या खुर्चीवर कुणाचंतरी जॅकेट ठेवलेलं असायचं. हे मला कळायला तीन आठवडे लागले, तेही ती जेवणाऐवजी लायब्ररीत बसते हे फॉर्म ट्यूटरच्या, म्हणजे वर्गशिक्षिकेच्या लक्षात आलं म्हणून. बाईंनी शांतपणे निस्तरलं, पण रविवारी संध्याकाळी पोटात दुखतं ते अजून पूर्ण गेलेलं नाही.

आणि दुसरं म्हणजे मार्क. गणितात ८४ मिळाले म्हणून रडली. का, तर आजूबाजूच्या सगळ्या नव्वदीत. ८४ ला रडणारं मूल मी वाढवत नव्हते, ते तिथे तयार झालं.

तरी ती शिडीही खरी आहे. पुढच्या वर्षी ड्यूक ऑफ एडिनबरो या मुलांच्या साहस-उपक्रमाचं ब्राँझ, म्हणजे पहिली पायरी आहे, चिखलात तंबू ठोकायचाय, त्यासाठी आत्तापासून नकाशे घेऊन बसलीये.

हॅरोकर

हे पहिल्याच पोस्टमध्ये लिहायला हवं होतंत. माझा सूर निम्मा उतरला असता.

एक सुचवतो. ओपन डेला जाऊ नका, किंवा जा आणि विसरा. त्या दिवशी सगळ्याच शाळांत भिंती ताज्या रंगवलेल्या असतात आणि नेमक्या हसऱ्या मुली वाट दाखवायला उभ्या असतात. दोन्ही शाळांना एखादा साधा मंगळवार मागा. जेवणाच्या सुट्टीत एकटं कोण बसलंय आणि त्याच्याकडे कुणाचं लक्ष आहे, एवढंच बघा. आणि दोघींना सारखं म्हणजे एकच शाळा, हे कुणी ठरवलं? थोरलीला व्हायोला दिलात म्हणून धाकटीलाही देणार का?

पेठेतली

धाकटीला कुणी विचारलंय का?

चिंचबोर

काकू, काल विचारलं. तिने दोनच प्रश्न केले. ड्रम्स कुठल्या शाळेत आहेत? आणि सरकारी शाळेत चालत जाता येतं ना, म्हणजे साडेसातपर्यंत झोपता येईल? ड्रम्स दोन्हीकडे आहेत. दुसऱ्या प्रश्नावर नवरा अजून हसतोय.

मंगळवारसाठी दोन्हीकडे ईमेल टाकलंय. सरकारी अर्जाची मुदत ३१ ऑक्टोबर. खाजगीची नोंदणी त्याच्या आधी संपते, म्हणून नोंदणी फी भरून टाकतेय. ती परत मिळत नाही हे नवऱ्याला सांगितलेलं नाही.