मदत हवी आहे: रचलेल्या भाषेत नामांचे वर्ग आणि विभक्ती एकत्र कसे बसवू?

नमस्कार मंडळी,

गेले सहा महिने मी आणि माझी बारा वर्षांची भाची मिळून एक भाषा रचतोय, खाडीकाठी राहणाऱ्या कल्पित लोकांची. ध्वनी ठरले, अडीचशेच्या आसपास शब्द झाले, पण नामांपाशी गाडी अडली आहे.

पुल्लिंग-स्त्रीलिंग आम्ही मुद्दामच ठेवलं नाही. या लोकांचं सगळं जगणं भरती-ओहोटीवर, म्हणून नामांचे चार वर्ग केले: पाण्याबरोबर ये-जा करणारं (मासा, खेकडा, होडी), जागचं न हलणारं (खडक, खारफुटी, घर), माणसं नि पाळीव जनावरं, आणि हाताने घडवलेलं (जाळं, मडकं, शिजवलेलं अन्न). होडी घडवलेली असूनही पहिल्या वर्गात, यावर भाची ठाम आहे आणि मलाही ते पटतं.

अडचण पुढे आली. कर्ता सोडून 6 विभक्ती, 4 वर्ग, 2 वचनं. प्रत्येकाला वेगळा प्रत्यय दिला तर 48 होतात! तक्ता भिंतीवर लावलाय, पण बोलताना दोघींनाही आठवत नाही, आणि ही भाषा आम्हाला बोलायची आहे. पूर्व आफ्रिकेतल्या स्वाहिली भाषेसारखी वर्गाची खूण शब्दाच्या आधी लावून पाहिली. तिथे पुस्तकाला 'किताबू' आणि अनेकवचनी 'विताबू' म्हणतात. मूळ अरबी 'किताब'मधला 'कि' त्यांना वर्गाचाच वाटला, हे मला फार आवडतं. पण आमच्याकडे आधी वर्ग नि शेवटी विभक्ती लावल्यावर छोटासा शब्द दोन्हीकडून जड झाला.

दुसरा प्रश्न भाचीचा. खेकडा चिखलात पळतो तेव्हा पहिल्या वर्गात, मग शिजल्यावर?

प्रतिसाद १

ताई, उत्तर तुमच्या तोंडातच आहे. 'घोडा' आणि 'शाळा' दोन्ही आकारान्त, पण आपण घोड्याचा म्हणतो आणि शाळेचा म्हणतो. 'चा' तोच. लिंगाचा फरक दिसतो तो मधल्या सामान्यरूपात, म्हणजे प्रत्ययाआधी शब्द जसा बदलतो त्यात: 'घोड्या', 'शाळे'. (राजा, मामा असे काही शब्द वेगळे वागतात, ते तूर्त सोडा.) अनेकवचनात तर नुसता अनुस्वार पुरतो: झाडात, झाडांत. प्रत्येक वर्गाला सामान्यरूपाचा एक स्वर द्या, अनेकवचनाला एक अनुनासिक आणि विभक्तीचे 6 प्रत्यय सगळ्यांना सारखे ठेवा. 4 अधिक 1 अधिक 6, म्हणजे 11 गोष्टी लक्षात ठेवायच्या. मराठीतली 'ला-ना', 'ने-नी' ही वचनाची जोडी मात्र उचलू नका, नाहीतर पुन्हा पसारा वाढेल.

खेकड्याचा वर्ग खुशाल बदलू द्या. सुरा आणि सुरी, गाडा आणि गाडी: आपण लिंग बदलून आकार सांगतोच की.

प्रतिसाद २

आणखी एक वाट आहे. ऑस्ट्रेलियात उत्तर क्वीन्सलंडमधल्या जिरबल भाषेत चार वर्ग आहेत, पण वर्गाची खूण नामावर नसते. ती नामासोबत येणाऱ्या वेगळ्या शब्दावर असते: बयि, बलन, बलम, बला. नाम फक्त विभक्ती घेतं. तिथे पक्षी बायकांच्या वर्गात येतात, कारण पक्षी म्हणजे मेलेल्या बायकांचे आत्मे अशी समजूत. त्यामुळे तुमची होडी अजिबात चुकीची नाही. फक्त 'का' याची गोष्ट त्या लोकांकडे असू द्या.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. काल रात्री बसून पहिली वाट करून पाहिली. पाण्याच्या वर्गाला 'ओ', घडवलेल्याला 'ई', आणि 'ने'साठी नुसता 'न'. खेकडा म्हणजे 'तेर'. 'तेरोन' म्हटलं की जिवंत खेकड्याने पाय धरला, 'तेरीन' म्हटलं की शिजवलेल्या खेकड्याने पोट भरलं. भाची तक्ता न बघता लागोपाठ वीस नामं चालवत गेली. भिंतीवरचा कागद आम्ही काढून टाकला.

जिरबलची गोष्ट ऐकल्यापासून ती होडीचं कारण शोधतेय. आज सकाळी तिने विचारलं, मावशी, जी होडी आता कधीच पाण्यात जाणार नाही, किनाऱ्यावर पालथी पडून आहे, ती कोणत्या वर्गात? कुणाला काही सुचत असेल तर जरूर लिहा.