नवी दमदार गाडी: पहिले हजार किलोमीटर समृद्धीवर की गावच्या रस्त्यावर?

कारंजेकर (धागाकर्ता)
पुतण्यानं नवी गाडी घेतली. दोन लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, २४५ हॉर्सपॉवर, १८ इंची चाकं. शून्यावरून शंभरचा वेग सहा सेकंदांच्या आत. दारातली पोट्ट्यांची गर्दी अजून हटलेली नाही. घरात वाद सुरू आहे तो रनिंग-इनचा, म्हणजे नवं इंजिन सुरुवातीला रुळवायचं कसं याचा. पुतण्या म्हणतो, कारंजा लाडच्या इंटरचेंजवरून समृद्धी महामार्गावर चढतो, शिर्डीला दर्शन घेऊन परत येतो, एका फेरीत सातशेच्या आसपास किलोमीटर पडतात, काम झालं.

माझं मत उलटं आहे. नव्या गाडीसाठी समृद्धीइतका गैरसोयीचा रस्ता नाही. गाडीसोबतच्या पुस्तकात स्पष्ट लिहिलंय: पहिले हजार किलोमीटर इंजिन कमाल आरपीएमच्या (मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांच्या) दोन तृतीयांशांपलीकडे नेऊ नका, पुढचे पाचशे हळूहळू वाढवत न्या. शिवाय पिस्टनच्या रिंगा सिलिंडरमध्ये नीट बसायच्या तर इंजिनावरचा भार कमी-जास्त होत राहायला हवा. समृद्धीवर क्रूझ (वेग आपोआप एकसारखा ठेवणारी सोय) लावून १२० ला सोडली की इंजिन तासन् तास एकाच आरपीएमवर. ब्रेकचंही तेच. नवे पॅड डिस्कवर बसायला दोन-तीनशे किलोमीटर लागतात, आणि तेही मधूनमधून मध्यम ब्रेक लावत राहिलं तर. समृद्धीवर ब्रेक लागतो कधी? एकतर टोलनाक्यावर, नाहीतर जिवावर बेतल्यावर. नव्या टायरवर साच्यातून सुटण्यासाठी लावलेल्या रसायनाचा थर असतो, तो घासून जाईपर्यंत पकड पूर्ण नसते. पहिले पाचेकशे किलोमीटर तरी धरा.

त्यापेक्षा मूर्तिजापूर, दारव्हा, मंगरुळपीर अशी रोजच्या कामाला फिरवावी. गिअर बदलतात, ब्रेक लागतो, गाडीची ओळख होते. तळेगाव दशासरच्या शंकरपटात, म्हणजे बैलांच्या शर्यतीत, नवा गोऱ्हा पहिल्याच दिवशी कोणी उतरवत नाही.

पटत नसेल तर कारण सांगा.

इंजिन बोलते (नागपूर)
काका, पुस्तक उघडलंत हेच मोठं, इथं बरेच जण ते डॅशबोर्डच्या खणात पॉलिथिनसकट ठेवतात. पण निष्कर्ष पटला नाही. वरच्या गिअरमध्ये १२० ला हे इंजिन अडीच हजारांच्या आसपास फिरतं. पुस्तकातली मर्यादा चार हजारांच्या वरची आहे. म्हणजे समृद्धीवर इंजिनाला त्रास काहीच नाही. राहिला एकाच आरपीएमचा मुद्दा. क्रूझ लावू नका, ८० ते ११० मध्ये वेग खालीवर करत चला, गिअर हातानं बदला. संपला विषय.

उलट भीती अति जपण्याची आहे. रिंग सिलिंडरच्या भिंतीवर दाबली जाते ती जळणाऱ्या वायूच्या दाबानं. दारव्हा रोडवर चाळीसनं रेंगाळलात, इंजिनावर भारच पडू दिला नाही, तर भिंत चकचकीत होऊन बसते आणि पुढे गाडी ऑइल पिते. गरम झालेल्या इंजिनाला अधूनमधून साठ-सत्तर टक्के अ‍ॅक्सिलरेटर द्यायलाच पाहिजे.

आणि गावचा रस्ता गाडीला सोसणार का, ते पाहिलंत? १८ इंची चाकाला टायर २२५/४० चा असणार. २२५ चे ४० टक्के म्हणजे ९० मिलिमीटर. रिम आणि रस्ता यांच्यात एवढंच रबर. काळ्या मातीवरचा डांबरी रस्ता दर पावसाळ्यात फुगतो, खचतो, कडा तुटतात. त्यात प्रत्येक गावाच्या तोंडाशी पांढरा पट्टा नसलेला ब्रेकर. एक खड्डा जोरात बसला की टायरच्या बाजूला, साइडवॉलला, फुगा. तो पंक्चरवाल्याच्या हातचा नाही, टायर फेकावाच लागतो.

ट्रॅक्टरवाला (दारव्हा)
आमच्या रोडले नावं ठेवू नका भाऊ, खड्डे आमी नाई केले.

बाकी मी काकाच्या बाजूनं. नव्या ट्रॅक्टरचं पयलं ऑइल ५० तासाले बदलते. तवा शोरूमवाला काय सांगते, का नवा हाय तोवर जड नांगरटीले लावू नका, पण नुसता उभा ठेवून घुरघुरवू बी नका, हल्कं काम द्या. हे आमच्या बापालेबी ठाऊक होतं, त्याले कोणी पुस्तक नोतं देलं.

एक सांगतो. सोयाबीन-तुरीच्या टायमाले आमीच रोडवर माल वायू घालतो, कुटार, म्हंजे मळणीचा भुसा, पडलं रायते. त्यावर गरम गाडी उभी करू नका. खालचं सायलेन्सर तापलं असते, पेटाले वेळ नाई लागत.

इंजिन बोलते (नागपूर)
कुटाराचं एकदम बरोबर. सायलेन्सरच्या वाटेवरचा धूर साफ करणारा डबा, म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, गाडी जोरात पळवल्यावर काहीशे अंशांपर्यंत तापतो. वाळलं गवत, पऱ्हाटी, कुटार, कशावरच उभी करू नका.

पुसदची लेक
रिंगा, पॅड, टायर झाले. गाडीत बसणारा राहिला. काका, पुतण्या आधी काय चालवत होता?

कारंजेकर (धागाकर्ता)
साधी हॅचबॅक. ऐंशीच्या आसपास हॉर्सपॉवर असेल.

पुसदची लेक
मग तिप्पट ताकद पायाखाली आली. जुन्या गाडीत ट्रकला ओव्हरटेक करताना तो विचार करत होता, कारण गाडी लवकर उचलत नव्हती. आता विचाराआधी गाडी पुढे गेलेली असते. मला गावच्या रस्त्याची भीती इथं वाटते. दोन पदरी रोड, समोरून बिनालाइटची ट्रॉली, बाजूनं बकऱ्या. तिथं "ओळख होते" म्हणता, पण ओळख करून घेताना जागाच नाही.

समृद्धीचीही बाजू घेत नाही. १२० ला गाडी एका सेकंदात ३३ मीटर जाते. पाय ब्रेकवर पोचेपर्यंतच तेवढं अंतर गेलं, कोरड्या रस्त्यावर थांबायला आणखी सत्तरेक मीटर. १६० ला तेच सत्तर सव्वाशेच्या घरात जातात, कारण वेग एक तृतीयांशानं वाढला तर थांबायचं अंतर जवळपास पावणेदोनपट होतं. कारला मर्यादा १२० ची आहे ती उगाच नाही. पुतण्या एकटा असला, रस्ता रिकामा असला, तर १२० वर थांबेल याची हमी काका देतात का? इंजिनाला सोसतं म्हणून चालवायचं, तर या इंजिनाला २०० पण सोसतं.

माझं म्हणणं, जागेपेक्षा वेळ ठरवा. पहिले हजार किलोमीटर फक्त दिवसा. संध्याकाळनंतर रोही (नीलगाय) आणि रानडुकरं दोन्ही रस्त्यांवर येतात, आणि रोही गाडीला धडकला की थेट काचेवर येतो. गाडी घसरू न देणारं स्टॅबिलिटी कंट्रोल बंद करायचं बटण या गाड्यांत असतं. त्याला हात लावायचा नाही, रील बनवायला तर नाहीच.

वाशीमचा शेतकरी
कापसाचे भाव काय अन् गावात २४५ हॉर्सपॉवर काय. तेवढ्या पैशात वावर आलं असतं.

कारंजेकर (धागाकर्ता)
भाऊ, त्याची कमाई, त्याचा शौक. घेतली का हा धागाच नाही, आता सांभाळायची कशी हा आहे.

चाकं आणि हवा (यवतमाळ)
माझं टायरचंच काम आहे म्हणून लिहितो. सध्या उन्हाळा ४५ अंशांच्या घरात आहे. आमच्याकडे सल्ला ठरलेला: उन्हाळ्यात हवा तीन-चार पॉइंट (पीएसआय) कमी ठेवा, टायर फुटत नाही. समृद्धीवर जायचं असेल तर आणखी कमी. गिऱ्हाईक स्वतःहून तेच मागतं.

इंजिन बोलते (नागपूर)
दादा, तुमच्या धंद्याचा मान ठेवून सांगतो, याच सल्ल्यानं टायर फुटतात. हवा कमी असली की प्रत्येक फेऱ्यात टायरची बाजू जास्त वाकते, वाकण्यातून उष्णता होते, रबर आणि आतलं कापड सुटायला लागतं. त्यावर १२० चा वेग आणि तापलेलं काँक्रीट. गरम झाल्यावर आतला दाब वाढतो हे खरं, पण तो हिशेब धरूनच कंपनी थंड टायरचा आकडा देते. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर किंवा पेट्रोलच्या झाकणाच्या आत स्टिकर असतो. माणसं आणि सामान भरून जाणार असाल तर त्यावर वेगळा, जास्तीचा आकडा लिहिलेला असतो. सकाळी, गाडी रात्रभर उभी राहिल्यावर तो भरायचा, आणि दुपारी गेज वाढलेलं दिसलं म्हणून सोडायचा नाही.

नायट्रोजन भरला तरी आकडा तोच. साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो.

चाकं आणि हवा (यवतमाळ)
स्टिकर मीही वाचतो साहेब. पण तालुक्याच्या पंपावरचं गेज दोन-तीन पॉइंट खोटं दाखवतं, आणि तिथं हवा मारणारा पोट्टा सगळ्या गाड्यांना ३५ मारून मोकळा होतो. त्या भरवशावर मी कमी सांगतो.

इंजिन बोलते (नागपूर)
मग स्वतःचं गेज घ्या. एवढ्या महाग गाडीच्या डिकीत हजार रुपयांच्या आतलं गेज ठेवायला काय जातं? आणि टायरच्या बाजूवर DOT पासून सुरू होणाऱ्या ओळीतले शेवटचे चार आकडे पाहा. २३२५ असेल तर २०२५ सालच्या २३ व्या आठवड्यातला टायर.

ट्रॅक्टरवाला (दारव्हा)
हवेचं मले पटलं. पण पेट्रोलचं काय? आमच्या पंपावर साधंच भेटते. भारी गाडीले भारी तेल लागते म्हणतात.

इंजिन बोलते (नागपूर)
झाकणाच्या आत ऑक्टेनचा (पेट्रोल अवेळी न पेटण्याच्या क्षमतेचा) आकडा लिहिलेला असतो, तेवढा मिळाला की बास. आताच्या ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलचा ऑक्टेन ९५ आहे असं पेट्रोलियम मंत्रालयानं २०२५ च्या ऑगस्टमध्ये सांगितलं होतं. त्याहून जास्तीचा टाकून यात घोडे वाढत नाहीत. ऑइल मात्र पुस्तकातल्या ग्रेडचंच. टर्बोची दांडी मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेते आणि त्याच ऑइलच्या पातळ थरावर तरंगते. सकाळी सुरू करून उगाच पाच मिनिटं उभी ठेवू नका, निघा, पण पहिले आठ-दहा किलोमीटर जोर लावू नका. पाण्याचा काटा लवकर चढतो, ऑइल तापायला वेळ लागतो.

पुसदची लेक
पावसाळ्याचं कोणी बोललंच नाही. मृग लागला की वावरातून निघणारे ट्रॅक्टर चाकांना काळी माती घेऊन डांबरावर येतात. त्यावर सर पडली की रस्ता रुंद टायरलाही धरत नाही. शिवाय ही गाडी ठेंगणी. पुलावरून पाणी वाहत असताना घातली आणि हवेच्या नळीतून पाणी आत ओढलं गेलं, तर पिस्टनला जोडलेला कनेक्टिंग रॉड वाकतो. बंद पडली तर पुन्हा स्टार्टर मारू नये, ढकलून बाहेर काढावी. इन्शुरन्समध्ये इंजिनाचं वेगळं कव्हर घेतलंय का, ते आजच बघा.

कारंजेकर (धागाकर्ता)
इन्शुरन्सचं विचारतो. हवेचं गेज उद्याच मागवतो.

मुद्द्यावर मी अजून तिथंच आहे. टायरला फुगा येईल हे खरं, पण तो हळू चालवून टाळता येतो. १२० वर अंदाज चुकला तर टाळायला काही उरत नाही. पुसदच्या ताईंचं दिवसाचं बंधन मान्य. मूर्तिजापूरचा रस्ता त्यातल्या त्यात बरा आहे, तिकडेच फिरवायला लावतो. हजार झाले की समृद्धीवर एका इंटरचेंजपासून पुढच्यापर्यंत, शेजारी मी बसून. शिर्डी दीड हजारानंतर.

इंजिन बोलते (नागपूर)
मी पाचशेनंतरच नेली असती. पण शेजारी तुम्ही बसणार असाल तर इंजिनाचं रनिंग-इन होवो न होवो, पुतण्याचं होईल.

ट्रॅक्टरवाला (दारव्हा)
अन् त्याले सांगून ठेवा काका, माह्या ट्रॉलीच्या मागं येऊन हॉर्न वाजवू नको म्हणा. साइड भेटल तवाच भेटल.