अपहरण-सूडाची ब्लॅक कॉमेडी: बांधणं, डिकी, रक्त… आणि हसू कुठून आणायचं?

पेठेतला_प्रेक्षक
दिग्दर्शक ज्याँ-पिएर ज्यूनेच्या 'मिकमॅक्स' (२००९) या फ्रेंच सिनेमाच्या वळणाची १५ मिनिटांची शॉर्टफिल्म करतोय, कोल्हापुरातच. सावकाराला त्याचेच तीन कर्जदार उचलतात, डिकीत घालतात आणि बंद गुऱ्हाळात खुर्चीला बांधतात. तोंडाला पट्टी, नाकातून रक्त. बजेट किरकोळ. दोन अडचणी आहेत. हे सगळं नटाला इजा न होता कसं करायचं? आणि तालमीत सीन नुसता छळाचा वाटतोय, कुणी हसत नाही.

सुरगाठ
नायलॉनचा दोर नको. तो घसरतो आणि ताण आला की गाठ आवळते. काथ्या कातडी सोलतो. १०-१२ मिलिमीटरचा सुती दोर घ्या, चहाच्या पाण्यात भिजवून वाळवला की जुनाट दिसतो. मनगटाला दोन सैल वेढे, आत बोट फिरलं पाहिजे. शेवटी सुरगाठ मारून तिचं टोक नटाच्याच मुठीत द्या, म्हणजे ओढलं की सुटतो. गळ्याला दोर कधीच नाही. बोटांना मुंग्या आल्या की टेक तिथंच थांबवायचा. बोथट टोकाची मोठी कात्री एकाच्या खिशात कायम असू द्या.

खुर्ची पडायची असेल तर हात मागं बांधून पाडू नका, मनगट जातं. दोघांनी फ्रेमबाहेरून धरून खुर्ची कलती करा, कट घ्या आणि थेट जमिनीवरचा शॉट लावा.

तोंडाला औषधाच्या दुकानातली कागदी पट्टी लावा, तीही फक्त दोन टोकांना चिकटलेली. आणि नाकातलं रक्त व तोंडाची पट्टी एकाच टेकमध्ये नको. नाक चोंदलं की श्वास घ्यायला जागाच उरत नाही.

डिकीसाठी हॅचबॅक घ्या, मागची सीट पाडा, इंजिन बंद ठेवा. झाकण आपटल्याचा आवाज नंतर घाला. डिकीतून वर बघणारा शॉट असेल तर आत फक्त कॅमेरा ठेवा, नट लागतच नाही.

करवीरकर
उचलायचा सीन रंकाळ्यावर बिनपरवाना करू नका भावा. पोरं पळवणाऱ्या टोळीच्या अफवेवरून २०१८ मध्ये धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात जमावानं पाच जणांना ठार मारलं होतं. तुमचा नट ओरडत गाडीत कोंबला जाताना बघून लोक आधी हात उचलतील, मग विचारतील. पोलीस ठाणं आणि महापालिकेला आधी कळवा, शेजारच्या टपरीवाल्यांनाही सांगा, कॅमेरा लपवू नका. गर्दी झेपणार नसेल तर मोरेवाडीच्या चित्रनगरीत चौकशी करा.

तिसरी_रांग
हसू येत नाही कारण तुमचे कर्जदार चिडलेत. अशा सिनेमात सूड घेणारी माणसं चिडत नाहीत, कामाला लागलेली असतात. सावकाराची शुगरची गोळी चुकली, एकजण ती आणायला गेला आणि परत येऊन बिलाचे पैसे तिघांत वाटून मागतोय. हे गंभीर चेहऱ्यानं करा. चौघं एकाच फ्रेममध्ये, कॅमेरा स्थिर. मार लांबून दाखवा, क्लोजअप गोळीच्या पाकिटाचा. सावकाराच्या वेदनेचा क्लोजअप घेतलात की प्रेक्षक त्याच्या बाजूला गेला. खाली 'ट्यँव' म्युझिक तर अजिबात नको.

'मिकमॅक्स'मध्ये शस्त्रं बनवणाऱ्या दोन धनदांडग्यांना पळवतात आणि आवाजांच्या जोरावर त्यांना वाटायला लावतात की आपण दूर वाळवंटात पोचलोय. ही युक्ती तुमच्या बजेटची आहे. सावकाराच्या डोक्यावर विरळ विणीची पातळ कापडी पिशवी घाला (गोणपाटाची धूळ नाकात जाते, प्लॅस्टिकचं नावच नको). गाडी रंकाळ्याभोवतीच फिरते, आवाज मात्र घाटातल्या हॉर्नचे. तो गगनबावड्यात पोचल्याच्या भीतीनं कबुली देऊ लागतो.

पेठेतला_प्रेक्षक
गोळीचं घेतलं! रक्ताचं राहिलं.

सुरगाठ
१ वाटी काकवी, पाव वाटी पाणी, त्यात कालवलेला १ चमचा कॉर्नफ्लोअर, २ चमचे खायचा लाल रंग. काकवी मुळातच तांबूस असते, त्यामुळे रक्त गडद करायला वेगळा निळा रंग लागत नाही. पिवळ्या दिव्याखाली तपकिरी दिसलं तर लाल वाढवा, म्हणून चाचणी शूटच्याच लाइटमध्ये घ्या. रंग कपड्यावरून जात नाही, तसाच दुसरा शर्ट आणून ठेवा आणि बिनरक्ताचे शॉट आधी उरका. शिवाय जागा गुऱ्हाळाची, वर काकवी. मुंग्या आणि माश्या येणारच, टेक संपला की लगेच ओल्या फडक्यानं पुसा.