वळाच्या रंगावर वय ठरवू नका

मारहाणीचा संशय असलेल्या मुलाला तपासताना ‘काळानिळा वळ ताजा, पिवळा पडलेला जुना’ असं म्हटलं जातं. हे म्हणणं मला पटलं नाही, आणि ते तसंच राहू नये म्हणून लिहिते आहे. एकाच मुलाच्या अंगावर एकाच वेळी झालेले वळ वेगवेगळ्या रंगांचे दिसू शकतात. नुसतं बघून किंवा फोटोवरून वळाचं वय सांगणं भरवशाचं नाही. म्हणून अहवालात रंग, आकार, जागा आणि मोजमाप लिहावं. दिवसांचा अंदाज बांधू नये.

फोटो आधी दुरून, म्हणजे शरीराचा कोणता भाग ते कळेल. मग जवळून, एकदा मोजपट्टीशिवाय आणि एकदा मोजपट्टीसह. काटकोनी पट्टी जखमेच्याच पातळीत धरायची आणि कॅमेरा तिच्या बरोबर समोर. तिरका फोटो माप खोटं दाखवतो. चावल्याची खूण असेल तर धुण्याआधी लाळेचा नमुना घ्या. एकदा पुसलं की ते गेलंच. कपडे कागदी पिशवीत, कारण प्लॅस्टिकमध्ये ओल राहून पुरावा कुजतो.

दोन वर्षांखालच्या बाळाच्या बाबतीत अंगावर काही दिसत नसलं तरी शंका असेल तर पूर्ण सांगाड्याचे एक्स-रे काढतात. बरगडीचं ताजं फ्रॅक्चर पहिल्या एक्स-रेत पुष्कळदा दिसतच नाही. साधारण 2 आठवड्यांनी तिथे नवं हाड धरू लागतं, तेव्हा ते उमटतं. हा दुसरा एक्स-रे चुकवू नका, कळकळीने सांगते.

आणि मूल जे बोललं ते त्याच्याच शब्दांत लिहा, बोबडं असलं तरी. विचारलेला प्रश्नही सोबत लिहा.