वेबकॅमच्या माइकची घूं घूं: तुम्ही काय केलंत?

"तुमच्याकडून काहीतरी घूं घूं येतंय" हे मीटिंगमध्ये ज्यांना ऐकावं लागलंय त्यांच्यासाठी हा धागा. वेगळा माइक घ्या हा सल्ला नको, तो सगळ्यांना माहितीये. वेबकॅमच्या आतल्याच माइकचं काय केलंत ते लिहा, जे चाललं नाही तेही लिहा.

---

माझ्याकडे चार्जरची भानगड निघाली. लॅपटॉप बॅटरीवर असला की आवाज स्वच्छ, चार्जर लावला की लगेच गूंऽऽ सुरू. चार्जर दोन पिनांचा होता, तीन पिनांचा घेऊन नीट अर्थिंग असलेल्या सॉकेटला लावला आणि थांबलं. ही टेस्ट फुकट आहे, आधी हीच करा, ड्रायव्हर नंतर उचकटा. आणि अर्थिंगची पिन काढून टाका म्हणजे लूप (अर्थिंगच्या तारांमधून फिरणारा करंट) तुटतो असं सांगणारे भेटतात, चुकूनही ऐकू नका, शॉकपासून वाचवायलाच असते ती.

---

अंदाज कशाला, मोजा ना. ऑडॅसिटीत (आवाज रेकॉर्ड करायचं फुकट सॉफ्टवेअर) गप्प बसून थोडं रेकॉर्ड करायचं, मग प्लॉट स्पेक्ट्रम (कुठल्या हर्ट्झला किती आवाज आहे त्याचा आलेख), साइज वाढवून 16384 करायची नाहीतर खालचं सगळं एकात एक मिसळून दिसतं. टोकं 50, 100, 150 हर्ट्झला असली (जिथे वीज 60 हर्ट्झची तिथे 60, 120, 180) तर विजेचा घोळ. 1000 हर्ट्झला बारीक शिट्टी असेल तर बहुतेक यूएसबीचा. माझं टोक एका जागी थांबतच नव्हतं, काम वाढलं की वर सरकायचं, म्हणजे फॅन!! कॅबिनेट आणि मॉनिटर एकाच टेबलावर, मॉनिटरवर वेबकॅम, सगळी थरथर स्टँडमधून थेट माइकमध्ये. कॅबिनेट जमिनीवर ठेवलं, विषय संपला.

---

मी बोलत असताना काही नाही, गप्प बसले की घूं घूं हळूहळू चढायची. ऑटो गेनचा प्रताप, शांतता झाली की तो माइकची लेव्हल आपोआप वाढवत नेतो. झूममधली आपोआप ॲडजस्टची टिक काढली, लेव्हल हाताने कमी केली, माइकच्या जरा जवळ बसते. मुळात थोडी आहेच, पण कोणाला ऐकू जात नाही.

---

हब काढा. वेबकॅम मॉनिटरच्या यूएसबी हबमधून काढून थेट कॅबिनेटच्या मागच्या पोर्टला लावला, गेलं. फेराइट क्लिपवर (केबलवर बसवायचा चुंबकीय तुकडा) पैसे घालवू नका, ती मेगाहर्ट्झवाल्या गोंगाटासाठी असते, 50 हर्ट्झला तिचा काय उपयोग.

---

नॉइज सप्रेशनने (गोंगाट आपोआप गाळणारी सेटिंग) घूं जाते हे खरं पण मी गाणं शिकवते, लांब धरलेला सूरही ते गोंगाट समजून गिळतं. म्हणून ते बंद करून इक्वलायझर एपीओमध्ये (विंडोजवर आवाज फिल्टर करायचं सॉफ्टवेअर) हायपास लावला, 80 हर्ट्झच्या खालचं कापलं. 100 आणि 150 ची टोकं मात्र उरतातच, ती कापायला गेलं तर पुरुषांचा आवाज डबड्यातून आल्यासारखा होतो.

---

धागाकर्ता: चार्जर काढून पाहिला, फरक शून्य. ऑडॅसिटीत 100 ला भलंमोठं टोक दिसतंय, हबच असणार, आता थेट लॅपटॉपच्या पोर्टपर्यंत पोचेल अशी केबल शोधतोय.