मदत हवी आहे : १२ दिवस, ९८० किमी सायकल सफर, दोघांच्या वेगात बराच फरक

नमस्कार. लांबच्या सफरी केलेल्यांकडून सल्ला हवा आहे. पोस्ट लांबली आहे, पण आकडे दिल्याशिवाय नेमकं उत्तर मिळणार नाही असं वाटलं.

मी आणि माझी मोठी बहीण (वय ५४) पुढच्या हंगामात सायकलने निघणार आहोत. एकूण ९८० किमी, हातात १२ दिवस, त्यातला एक विश्रांतीचा. दिवस वाढवता येणार नाहीत. मी सरळ भागाकार केला आणि रोजचे साधारण ९० किमी धरले. सहाव्या दिवशी मोठा घाट आहे, १४ किमीमध्ये ९०० मीटर चढ, मध्येमध्ये ८ टक्क्यांचे तुकडे. शेवटचे १६० किमी मोकळं सपाट माळरान आहे, तिथे दुपारी समोरून वारा असतो.

गेल्या वर्षीचं सांगायलाच हवं. तेव्हा आम्ही ६०० किमीला निघालो होतो. आखणी माझीच होती, रोज ८५ किमी. मी त्याआधी २०० किमीची ब्रेव्हे (ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची सायकल फेरी) ११ तासांत केली होती, त्यामुळे ८५ म्हणजे अर्धा दिवस असा माझा समज. चौथ्या दिवशी ताईचे गुडघे पुढच्या बाजूने इतके दुखायला लागले की जिना उतरता येईना. आम्ही तिथून गाडीने परत आलो. ती मला एका शब्दाने बोलली नाही. पण आखणी चुकली होती आणि तिचा त्रास तिला झाला, हे माझ्या मनातून जात नाही. या वेळी ती शेवटपर्यंत पोहोचावी, आणि मजेत पोहोचावी, एवढंच मला हवं आहे.

वजनं : मी ७२ किलो, सायकल १३, सामान १५. ताई ५८, सायकल १२, सामान १४. दोघांच्याही सायकलींना पुढे ५० आणि ३४ दातांची चक्रं (५०-३४), मागे ११ ते २८ दातांची (११-२८). गेल्या वर्षी ३०० मीटर उंचीचा एक चढ याच सामानासह मला ३८ मिनिटांत जमला, ताईला ५२ मिनिटं लागली. सपाटीवर सामानासकट ती ताशी १७ ने दिवसभर जाऊ शकते.

प्रश्न असा की रोजचं अंतर कसं ठरवायचं? विश्रांतीचा दिवस घाटाआधी ठेवू की नंतर? आणि चढावर मी पुढे जाऊन थांबायचं की तिच्या बरोबरीनेच चालवायचं?

प्रतिसाद

किलोमीटर बाजूला ठेवा आणि दिवस तासांत मोजा. ब्रेव्हेचा हिशोब इथे कामाचा नाही. तिथे २०० किमीला साडेतेरा तास मिळतात आणि दुसऱ्या दिवशी माणूस घरी झोपू शकतो. सफरीत पाचव्या दिवशी सकाळी पाय कसे आहेत हा खरा प्रश्न असतो.

तुम्ही चढाच्या वेळा दिल्यात हे फार बरं केलंत, त्यावरून ताकद काढता येते. ताईंचं सगळं मिळून ८४ किलो, ५२ मिनिटांत ३०० मीटर, म्हणजे जवळपास ८० वॅट. तुमचे १३० च्या आसपास. आता ९०० मीटरचा घाट : याच ताकदीने तुम्हाला १ तास ५३ मिनिटं, ताईंना २ तास ३४ मिनिटं. हा चढ तिप्पट आहे, थकव्यासाठी वर दहा टक्के धरा, म्हणजे ताईंचे २ तास ५० मिनिटं. तुमच्या ९० पैकी उरलेले ७६ किमी ताशी १७ ने साडेचार तास. सीटवर सव्वासात-साडेसात तास झाले. पाणी, जेवण, पंक्चर, रस्ता शोधणं यात आणखी दोन तास जातात. उजेड ११ तासांचा असेल तर काही बिघडल्यास हाताशी जेमतेम दीड तास उरतो. घाटाचा दिवस ६० किमीचाच ठेवा.

पहिले तीन दिवसही कमीच ठेवा, ६५, ७०, ८०. सीटची सवय व्हायला, हातांना मुंग्या येत असतील तर हँडल वर-खाली करून बघायला हेच दिवस असतात. विश्रांती घाटाच्या आदल्या दिवशी.

बरोबरीने चालवायच्या प्रश्नावर माझं मत ठाम आहे. चढावर जो तो आपल्या लयीत, पण पुढच्याने ठरलेल्या जागी थांबायचं आणि मागचा पोहोचल्यावर त्यालाही पुरती दहा मिनिटं विश्रांती मिळेपर्यंत निघायचं नाही. हमखास उलटं होतं : पुढचा ताजातवाना होऊन लगेच निघतो आणि दमलेल्याला थांबाच मिळत नाही.

प्रतिसाद

वरच्या हिशोबाला धरूनच, मला गुडघ्यांचं कारण गिअरमध्ये दिसतंय. सगळ्यात हलक्या गिअरमध्ये, म्हणजे पुढे ३४ मागे २८ असताना, पायडलच्या एका फेरीत सायकल अडीच मीटरच्या वर जाते. ८ टक्के चढावर ८० वॅटमध्ये ताईंचा वेग ताशी ४.४ किमी पडतो, म्हणजे मिनिटाला २९ फेऱ्या. एवढ्या संथ लयीत प्रत्येक फेरीला गुडघ्यावर सगळा भार येतो. यात त्यांची तयारी कमी पडली असं काही नाही, त्यांच्याकडे खालचा गिअरच नव्हता.

मागे नुसती ३४ दातांपर्यंतची कॅसेट (मागच्या चक्रांचा संच) लावून ३५ फेऱ्या होतील, तेवढं पुरणार नाही. पुढे लहान चेनरिंग (पायडलजवळचं दातेरी चक्र) हवी. जुन्या माउंटन बाइकवर असायचा तसा ४४-३२-२२ चा संच आणि मागे ११-३२ बसवता आला तर बघा. डिरेलर (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणारा भाग) आणि शिफ्टर (गिअर बदलायचा खटका) जुळतात का ते मेकॅनिककडून आधी तपासून घ्या, बहुधा बदलावे लागतील. हे शेवटच्या आठवड्यात करू नका.

दुसरं, ताईंच्या सामानातलं ८ किलो तुम्ही घ्या. वरचे दहा टक्के न धरता त्यांचा घाट २ तास २० मिनिटांवर येतो, तुमचा २ तास २ मिनिटांवर जातो. ४१ मिनिटांची तफावत १८ वर येते. नव्या गिअरमध्ये त्यांच्या फेऱ्या ५५ पर्यंत जातील. मात्र तुमचं मागचं चाक दाखवून घ्या, जादा वजनाने तिथलेच स्पोक आधी तुटतात.

सीटची उंचीही बघा. गुडघा पुढून दुखतो तेव्हा बऱ्याचदा सीट खाली असते. आणि निघण्याआधी फिजिओथेरपिस्टला गुडघे दाखवाच.

प्रतिसाद

माळरानाबद्दल. तुम्ही ताशी १८ ने जाताय आणि समोरून १२ चा वारा आहे, तर अंगावर हवा ३० ची लागते. अवरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे पावणेतीन पट. ऊन चढलं की जमीन तापते, हवा वर-खाली घुसळते आणि वरचा वारा खाली येतो, म्हणून दुपारनंतर जोर वाढतो. ते १६० किमी दोन दिवसांत करा, फटफटताना निघा आणि अकरा-बारापर्यंत मुक्काम गाठा. उरलेल्या अंतराला तुम्ही पुढे, ताई तुमच्या चाकामागे. इथे तुमची जास्त ताकद खरी उपयोगी पडेल.

आणि एक बेरीज करून बघितलीत का? हलके चार दिवस २७५ किमीचे. उरले ७०५, दिवस सात, म्हणजे रोज शंभर. पुन्हा तीच चूक होईल. सुरुवातीचं काही अंतर गाडीने जा. शहरातून बाहेर पडतानाच्या रहदारीत तसंही काही आनंद नसतो.

धागाकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. २९ फेऱ्यांचा आकडा वाचून मी बराच वेळ नुसता बसून होतो. वर्षभर मला वाटत होतं की मी तिला जास्त पळवलं. गिअरकडे माझं लक्षच गेलं नव्हतं.

काल ताईला सगळं वाचून दाखवलं. सामान देण्यावरून तिने आधी नकार दिला. तफावतीची मिनिटं दाखवल्यावर म्हणाली, "म्हणजे वर तू माझी वाट बघत गारठणार नाहीस. मग घे." पहिले ११० किमी गाडीने जायचं मात्र तिला जड गेलं. नकाशावर घरापासून सलग रेघ असावी असं तिला फार वाटत होतं. रात्रभर विचार करून सकाळी तिनेच हो म्हटलं.

आता ८७० किमी. ६५, ७०, ८०, ८५, मग विश्रांती, मग घाट ६० किमीचा, पुढचे सहा दिवस ८५ च्या आसपास. माळरानाचे दोन दिवस पहाटे निघून. चौथ्या, सातव्या आणि नवव्या मुक्कामाहून परत फिरायला वाहन मिळतं, ते तक्त्यात लिहिलंय. सायकली शनिवारी मेकॅनिककडे जातील, गुडघे त्याआधी दाखवून होतील.

एक विचारायचं राहिलं. घाट उतरताना तिला सतत ब्रेक दाबून ठेवायची सवय आहे आणि तिच्या सायकलला रिम ब्रेक (चाकाच्या कडेवर, म्हणजे रिमवर दाबणारे) आहेत. १४ किमी उतारावर रिम तापण्याची तिला भीती वाटते. थोडं दाबून सोडत जायचं हे मी सांगितलंय, पण मध्ये किती वेळा थांबून रिम गार होऊ द्यावी, याचा कुणाला अनुभव आहे का?